आशय की आज्ञावली : मोबाइल खेळांतील वापरकर्त्यांची निर्मिती आणि ॲप स्टोअरचे नियम

संगणकावरील खेळ खेळता खेळता खेळणाऱ्याने त्यात स्वतःची भर घालावी, नवा टप्पा रचावा, नवे पात्र काढावे किंवा त्याच खेळाची साधने वापरून दुसराच खेळ उभा करावा आणि तो मित्राच्या हाती द्यावा, ही रीत स्मार्टफोनपेक्षा पाव शतकाने जुनी आहे. फोनवर येईपर्यंत या देवघेवीत दोनच पक्ष असत, देणारा आणि घेणारा. फोनवर मात्र दोघांच्या मध्ये दुकान उभे राहिले. खेळ कोणता विकला जाईल हे ठरवणारे ते दुकान, खेळ विकला गेल्यावर त्याच्या आत काय घडेल यावरही हक्क सांगू लागले. या हक्काचा इतिहास मुख्यतः एका भेदाभोवती फिरतो. खेळणाऱ्याने घडवलेली वस्तू ‘आशय’ मानायची, म्हणजे चित्र, ध्वनी, मजकूर किंवा ठोकळ्यांची मांडणी यांसारखी, पाहण्या-ऐकण्यापुरती किंवा मूळ खेळाने वाचून दाखवण्यापुरती गोष्ट. की ‘आज्ञावली’ मानायची, म्हणजे यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांचा संच? आशयाला देखरेखीच्या अटीवर आरंभापासून वाट मिळाली, तर आज्ञावलीला दीर्घकाळ ती नाकारली गेली, आणि या नकाराची सर्वांत मोठी झळ खेळ करता करता प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्या मुलांना बसली.

मूळ रीत किती मोकळी होती हे पाहिल्याशिवाय पुढील निर्बंधांचे स्वरूप कळत नाही. बिल बज यांचा ‘पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट’ हा १९८३ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बाजारात आणलेला कार्यक्रम एका अर्थी खेळ नव्हताच, तर पिनबॉलचे टेबल जुळवण्याचा संच होता. आणि त्यावर तयार केलेले टेबल फ्लॉपीवर साठवून दुसऱ्याला देता येई, इतकेच नव्हे तर घेणाऱ्याकडे मूळ संच नसला तरी त्याला ते खेळता येई. त्याच वर्षीच्या ‘लोड रनर’मध्ये दीडशे टप्प्यांच्या जोडीला नवे टप्पे रचण्याचे साधन दिलेले होते. डिसेंबर १९९३मध्ये आलेल्या ‘डूम’ने तर खेळाची चालकयंत्रणा आणि खेळातील नकाशे, चित्रे, आवाज यांच्या फाइली मुद्दाम वेगळ्या ठेवल्या, त्यामुळे यंत्रणेला हात न लावता नवे नकाशे घालणे सोपे झाले आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ते हजारोंनी केले. पुढे ‘हाफ-लाइफ’ या खेळावर हौशी रचनाकारांनी बांधलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ स्वतंत्र खेळ म्हणून विकला जाऊ लागला. या साऱ्या घडामोडीत परवानगी देणारी संस्था कुठेच नव्हती. खेळाच्या मालकाला आक्षेप असेल तर तो न्यायालयात जाऊ शके, परंतु संगणक बनवणाऱ्या कंपनीला त्यावर काय चालते याच्याशी कर्तव्य नव्हते.

दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या खेळयंत्रांची परंपरा याच्या उलट होती, आणि ॲप स्टोअरचा खरा पूर्वज तीच. अटारीच्या यंत्रासाठी कोणीही खेळ बनवू शकत होता. १९७९ साली अटारी सोडून गेलेल्या मंडळींनी ॲक्टिव्हिजन स्थापन केली तेव्हा ती रोखण्याचा अटारीचा प्रयत्न फसला, आणि नंतर निकृष्ट खेळांच्या पुरातच १९८३ सालची अमेरिकी बाजारातील घसरण झाली असे त्या व्यवसायाने मनाशी पक्के केले. १९८५ साली निन्टेन्डो आपले यंत्र घेऊन अमेरिकेत उतरली ती हा धडा गाठीशी बांधूनच. तिच्या यंत्रात एक कुलूपचिप होती आणि प्रत्येक अधिकृत काडतुसात तिची जोडीदार चिप. दोघींचा मेळ बसल्याशिवाय खेळ सुरूच होत नसे. परवाना घेणाऱ्या कंपनीने वर्षाला किती खेळ काढावेत यावर मर्यादा होती आणि काडतुसे निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावी लागत. दर्जाची हमी, अश्लीलतेला अटकाव आणि प्रत्येक विक्रीतील वाटा या तीन गोष्टी एकाच कुलपात बसवलेल्या होत्या. या तिन्ही हेतूंची गुंफण पुढे फोनवरही तशीच राहिली, त्यामुळे कोणताही एक नियम सुरक्षेसाठी आहे की कमाईसाठी, हे वेगळे काढून दाखवणे नेहमीच अवघड गेले.

खेळणाऱ्याच्या कृतीची जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते, हे मात्र २००५ साली प्रथम ठसठशीतपणे दिसले. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन आंद्रेस’ या खेळात विकसकांनी वगळलेला, पण फाइलींत दडून राहिलेला एक लैंगिक प्रसंग हौशी रचनाकाराच्या जोडणीने उघडता येऊ लागला, अमेरिकेतील वयोगट ठरवणाऱ्या मंडळाने जुलैमध्ये खेळाचा दर्जा ‘केवळ प्रौढांसाठी’ असा बदलला आणि मोठ्या दुकानांनी तो फळीवरून काढून टाकला. याच मंडळाने ऑनलाइन खेळांवर, खेळणाऱ्यांच्या परस्परसंवादाचे मूल्यमापन केलेले नाही, अशी सूचना छापण्याची प्रथाही रूढ केली होती. म्हणजे ॲप स्टोअर उघडण्यापूर्वीच प्रश्न पुरता मांडला गेला होता, उत्तर तेवढे कोणाकडे नव्हते.

ॲपलने बाहेरच्या विकसकांसाठी साधनसंच ६ मार्च २००८ रोजी जाहीर केला आणि १० जुलैला सुमारे पाचशे ॲपांसह दुकान उघडले. विक्रीतील तीस टक्के ॲपलचे, सत्तर विकसकाचे, आणि प्रत्येक ॲप माणसाने तपासल्याशिवाय दुकानात येणार नाही, ही त्याची मूळ चौकट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलने ‘अँड्रॉइड मार्केट’ सुरू केले, जे २०१२ साली ‘गुगल प्ले’ झाले. तिथे पूर्वपरीक्षण नव्हते, आणि दुकानाबाहेरून ॲप बसवण्याची वाटही फोनमध्ये खुली होती. ॲपलच्या बाबतीत आज आश्चर्य वाटावे अशी गोष्ट म्हणजे पहिली दोन वर्षे नियम जाहीरच नव्हते. विकसकाला सही करावी लागणारा परवाना करार गोपनीय होता, आणि तो लोकांसमोर आला तो मार्च २०१०मध्ये, जेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्क संस्थेने अमेरिकेच्या माहिती अधिकार कायद्याखाली नासाकडून त्याची प्रत मिळवून प्रसिद्ध केली. नासाही आयफोनसाठी ॲप काढत असल्याने तिने त्यावर सही केलेली होती. एका खासगी दुकानाचा नियम वाचण्यासाठी सरकारी अंतराळ संस्थेकडे अर्ज करावा लागावा, यातच त्या काळातील विकसकाची स्थिती स्पष्ट होते.

या करारातील ३.३.२ क्रमांकाचे कलम प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहे. ॲपने बाहेरून आज्ञावली उतरवून घेऊ नये किंवा वापरू नये, आणि ‘इंटरप्रिटर’ने चालणाऱ्या आज्ञा ॲपलच्या अंगभूत यंत्रणेखेरीज दुसऱ्या कशाने चालवू नयेत, असा त्याचा आशय होता. इंटरप्रिटर म्हणजे आज्ञांचा मजकूर आधी यंत्रभाषेत रूपांतरित न करता ओळीओळीने वाचून लगेच अमलात आणणारा कार्यक्रम. बेसिक, लुआ, पायथन यांसारख्या शिकायला सोप्या भाषा बहुधा अशाच चालतात, आणि बहुसंख्य खेळांतील रचनासाधनेही याच तत्त्वावर उभी असतात. वेबपृष्ठावरील जावास्क्रिप्टला सूट होती, कारण ती ॲपलच्याच ब्राउझरयंत्रणेत चालत होती. बंदीमागील तर्क समजण्याजोगा होता : परीक्षकाने तपासलेले ॲप उद्या बाहेरून नव्या आज्ञा घेऊन वेगळेच वागू लागले, तर तपासणीला अर्थ राहत नाही. परंतु याच तर्काने, एका ॲपच्या पोटात दुसरे दुकान उभे राहण्याची शक्यताही आपोआप बंद होत होती.

कलमाचा पहिला गाजलेला फटका एका जुन्या यंत्राच्या प्रतिकृतीला बसला. ‘कमोडोर ६४’ या १९८२ सालच्या घरगुती संगणकाचे आयफोनवरील अनुकरण, म्हणजे इम्यूलेटर, मनोमिओ या कंपनीने हक्कधारकांच्या परवानगीने तयार केले होते. जून २००९मध्ये ते नाकारले गेले, कारण त्या संगणकात बेसिक ही भाषा अंगभूत होती आणि वापरणारा तिच्यात स्वतःचा कार्यक्रम लिहू शकला असता. बेसिक बंद करून ते सप्टेंबरमध्ये मंजूर झाले. पण युक्तीने ती पुन्हा सुरू करता येते असे आढळताच ते दुकानातून काढले गेले आणि बेसिक हटवल्यावरच परतले. एका पिढीने ज्या यंत्रावर स्वतःच्या पहिल्या आज्ञा टंकित केल्या, त्या यंत्राची प्रतिकृती विकायची तर तयार खेळ तेवढे ठेवायचे आणि खेळ बनवण्याची सोय काढून टाकायची, असा हा निवाडा होता.

दुसरा प्रसंग अधिक क्लेशदायक आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली मुलांसाठी खुली केलेली ‘स्क्रॅच’ ही भाषा रंगीत ठोकळे जोडून खेळ आणि चलतगोष्टी रचण्याची आहे, आणि तिचा अर्धा जीव एकाने केलेले दुसऱ्याने उघडून पाहण्यात व त्यात बदल करण्यात आहे. मुलांच्या या रचना आयफोनवर पाहता-खेळता याव्यात म्हणून काढलेले एक ॲप एप्रिल २०१०मध्ये ३.३.२ कलमाचा आधार घेऊन हटवण्यात आले. ज्या ॲलन के यांच्या कल्पनांतून पडद्यावरच्या खिडक्या आणि मुलांसाठीचा सुटसुटीत संगणक या दोन्ही गोष्टी पुढे आल्या, त्यांनीही या निर्णयाविषयी नापसंती व्यक्त केली. त्याच महिन्यात ॲपलने करारात आणखी कडक अट घातली होती, की ॲप मुळातच ठरावीक भाषांत लिहिलेले असावे; तिचा रोख अडोबीच्या फ्लॅशवर होता, आणि मुलांची भाषा त्या वादाच्या पडछायेत सापडली. स्क्रॅचच्या रचनांनी फोनला अपाय होऊ शकतो असा दावा कोणी केल्याचे दिसत नाही. त्या आज्ञावलीच्या व्याख्येत बसत होत्या, एवढे कारण पुरले.

९ सप्टेंबर २०१० रोजी ॲपलने भाषांवरील अट मागे घेतली आणि परीक्षणाची नियमावली प्रथमच विकसकांसमोर ठेवली. आता ॲपमध्ये इंटरप्रिटर चालणार होता, मात्र बाहेरून आज्ञावली उतरवता येणार नव्हती. या अर्ध्या उघडलेल्या दारातून २०११ साली ऑस्ट्रेलियातील एका छोट्या चमूचे ‘कोडिया’ हे ॲप आत आले, ज्यात आयपॅडवरच लुआ भाषेत खेळ लिहून लगेच खेळता येतो. आपला खेळ फाइल म्हणून दुसऱ्या आयपॅडवर पाठवण्याची सोयही त्यात केली गेली, आणि ॲपलने ती काढायला लावली. परिणामी वापरणारे एकमेकांचे खेळ मजकूर म्हणून नकलून चिकटवू लागले, कारण मजकूर चिकटवणे ही नियमाच्या दृष्टीने टंकलेखनाचीच क्रिया ठरत होती. त्याच आज्ञा, तोच परिणाम, पण फाइल म्हणून आल्या तर निषिद्ध आणि अक्षरे म्हणून आल्या तर मान्य, अशी ही सीमारेषा होती. आणि सुरक्षेच्या निकषावर तिचे समर्थन करता येत नाही, असेच म्हणावे लागते.

यात बदल झाला तो ॲपल स्वतः या क्षेत्रात उतरल्यावर. सप्टेंबर २०१६मध्ये तिने ‘स्विफ्ट प्लेग्राउंड्स’ हे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे ॲप आणले, आणि जून २०१७मध्ये परीक्षणाच्या नियमावलीतील २.५.२ या कलमात अपवाद जोडला : शिकवण्यासाठी किंवा आज्ञावली लिहून तपासण्यासाठी असलेल्या ॲपांना मर्यादित परिस्थितीत बाहेरून आज्ञावली घेता येईल, मात्र ती वापरणाऱ्याला पूर्णपणे पाहता आणि बदलता आली पाहिजे. अट शहाणी आहे, कारण उघडून पाहता येणारा खेळ हीच शिकण्याची सर्वांत जुनी पाठशाळा. पण तोवर आयपॅडवर वाढलेल्या मुलांची सात वर्षे निघून गेली होती.

आशयाच्या बाजूचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. २०१०च्या नियमावलीत याविषयी विशेष असे एकच वाक्य होते, की ज्या ॲपांतील वापरकर्त्यांचा आशय वारंवार अश्लील असतो ती नाकारली जातील, आणि उदाहरण अनोळखी माणसांची व्हिडिओगाठ घालून देणाऱ्या ‘चॅट रूलेट’ धर्तीच्या ॲपांचे दिले होते. जानेवारी २०१३मध्ये ‘५००पीएक्स’ हे छायाचित्रांचे ॲप नग्नचित्रे शोधता येतात म्हणून काढले गेले आणि सतरा वर्षांवरील वयोगटाच्या शिक्क्यासह परत आले. अशा प्रकरणांतून हळूहळू जी चतुःसूत्री तयार झाली, ती २०१६च्या पुनर्रचनेनंतर १.२ हे कलम म्हणून ओळखली जाते : आक्षेपार्ह आशय गाळण्याची सोय, तक्रार नोंदवण्याची सोय व तिची वेळेवर दखल, त्रास देणाऱ्या व्यक्तीला अडवण्याची सोय, आणि संपर्काचा जाहीर पत्ता. नकारपत्रात परीक्षक सहसा आणखी पुढे जातात आणि तक्रार आल्यापासून चोवीस तासांत आशय हटवून तो टाकणाऱ्याला बाहेर काढण्याची अपेक्षा नोंदवतात. मोठ्या कंपनीला हे अवघड नाही, पण ज्याच्या कोड्याच्या खेळात खेळणारे स्वतःची कोडी एकमेकांना पाठवतात, त्या एकट्या विकसकाला चोवीस तासांचा पहारा ठेवणे परवडत नाही, आणि त्यामुळे अनेकदा देवघेवीची सोयच गाळली जाते. गुगल प्लेनेही पुढे वापरकर्त्यांकडून अटी मान्य करून घेणे, तक्रार आणि अडवणूक या सोयी सक्तीच्या केल्या. आज्ञावलीच्या बाबतीत मात्र तिचे धोरण प्रथमपासून सैल राहिले, आणि इम्यूलेटर तिथे वर्षानुवर्षे मिळत आले.

या चतुःसूत्रीमागे दुकानाची इच्छा जितकी आहे तितकाच कायद्याचा दाबही आहे. अमेरिकेत १९९६च्या कायद्याच्या २३०व्या कलमाने मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्याचा आशय पोचवणाऱ्या कंपनीला, भरीव संरक्षण दिले. भारतात ते इतक्या सहज आले नाही. मुंबईस्थित ‘बाझी डॉट कॉम’ या लिलावस्थळावर एका वापरकर्त्याने आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीला ठेवल्याबद्दल डिसेंबर २००४मध्ये कंपनीच्या प्रमुखालाच दिल्ली पोलिसांनी अटक केली होती. त्या प्रकरणाच्या धक्क्याने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ७९व्या कलमाची फेररचना झाली आणि योग्य ती दक्षता घेणाऱ्या मध्यस्थाला संरक्षण मिळाले. २०२१च्या नियमांनी त्या दक्षतेला मुदती घातल्या : तक्रारीची पोच चोवीस तासांत, निवारण पंधरा दिवसांत, आणि व्यक्तीचे नग्न चित्रण असल्यास चोवीस तासांत हटवणे. ज्यात खेळणारे एकमेकांशी बोलतात किंवा काही मांडतात, असा भारतातील मोबाइल खेळही या चौकटीबाहेर राहत नाही.

आशय आणि आज्ञावली या दोन्ही वाटा जिथे एकमेकींना छेदतात तो खेळ म्हणजे ‘रोब्लॉक्स’. २०१३ साली आलेल्या ‘जॉमेट्री डॅश’सारख्या खेळात खेळणारे टप्पे रचतात, पण ते ठोकळ्यांच्या मांडणीची यादी असतात, त्यामुळे त्यांना आशय मानण्यात अडचण नव्हती. रोब्लॉक्सचे तसे नाही. डेव्हिड बझुकी आणि एरिक कॅसल यांनी स्थापन केलेल्या कंपनीचा हा मंच २००६ साली संगणकावर आणि २०१२च्या अखेरीस आयफोनवर आला. त्याचे सारे खेळ वापरकर्त्यांनी, त्यांत किशोरवयीनांनीही, लुआ भाषेत लिहिलेले असतात आणि खेळणारा ज्या खेळात शिरतो त्याची सामग्री त्याच वेळी उतरते. कोडियाला एका फाइलीची देवाणघेवाण नाकारली गेली, त्या काळातच लाखो खेळांचा हा मंच दुकानात मान्य होता. दोन्ही निर्णयांना लागू पडेल असे एकच तत्त्व शोधू गेल्यास ते सापडत नाही. सापडतो तो व्यवहारातील फरक, की रोब्लॉक्सवरील चलनाच्या खरेदीतून ॲपलला तिचा वाटा नियमित मिळत होता आणि कोडियाची फाइल फुकट दिली जात होती. हेच कारण होते असे म्हणायला लेखी पुरावा नाही, तरी हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मे २०२१मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे खेळ बनवणाऱ्या एपिक कंपनीने दुकानाच्या अटींविरुद्ध भरलेल्या ‘एपिक विरुद्ध ॲपल’ खटल्याची सुनावणी झाली, तेव्हा हा पेच न्यायालयात उघडा पडला. मायक्रोसॉफ्टच्या खेळसेवेतील प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे तपासला गेला पाहिजे असा आग्रह धरणारी ॲपल रोब्लॉक्सला ती अट का लावत नाही, असा प्रश्न आला. ॲपलचे अधिकारी ट्रिस्टन कॉस्मिन्का यांनी साक्षीत मांडले, की खेळाला आरंभ, शेवट आणि आव्हान असते, तर रोब्लॉक्सवर असतात ते ‘अनुभव’. काही दिवसांतच रोब्लॉक्सने आपल्या संकेतस्थळावरील ‘गेम्स’ हा उल्लेख बदलून ‘एक्स्पीरियन्सेस’ असा केला. न्यायाधीश यव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी सप्टेंबरमधील निकालात व्हिडिओ गेमची सर्वमान्य व्याख्या उपलब्ध नसल्याची नोंद केली. ॲपलच्या नियमावलीतील १.२.१ हे ‘निर्मात्यांच्या आशया’चे कलम तोच दृष्टिकोन नियमात बसवते : विकसक नसलेल्या निर्मात्यांनी ॲपच्या चौकटीत घडवलेले व्हिडिओ, लेख, ध्वनी, इतकेच काय पण हलकेफुलके खेळही, स्वतंत्र ॲप न मानता वापरकर्त्यांचा आशय मानले जातील, मात्र त्यांतील सर्वाधिक वयोगटाच्या आशयाचाच दर्जा साऱ्या ॲपला लागेल. अशा रीतीने आज्ञावलीला आशय म्हणण्याची मुभा नियमाने मिळाली, पण एकसंध मोठ्या मंचाला.

बाकीच्यांसाठी दार उघडले ते बाहेरच्या रेट्याने. ऑगस्ट २०२०मध्ये फेसबुकला आपल्या खेळांच्या ॲपमधून छोटे खेळ वगळावे लागले होते. चीनमध्ये मात्र ‘वीचॅट’च्या पोटातील छोटे खेळ २०१७पासून आयफोनवर चालत होते. युरोपीय संघाचा डिजिटल बाजारपेठ कायदा मार्च २०२४मध्ये मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक झाला आणि युरोपात ॲपलबाहेरची दुकाने शक्य झाली. जानेवारी २०२४मध्ये ॲपलने एकाच ॲपमधून अनेक खेळ प्रक्षेपित करण्यास जगभर परवानगी दिली, आणि ५ एप्रिलला जुन्या खेळयंत्रांच्या इम्यूलेटरांना. आजचे ४.७ हे कलम वेबतंत्रावरील छोटे खेळ, इम्यूलेटर आणि जोडण्या यांना एकत्र घेते आणि त्यांना १.२मधील अटी लावते : गाळणी, तक्रार, अडवणूक, शिवाय आत मिळणाऱ्या प्रत्येक खेळाची दुव्यासह सूची आणि वयानुसार रोखण्याची सोय. २००९ साली बेसिकची एक ओळही टंकू न देणारे दुकान पंधरा वर्षांनी आज्ञावलीला आशयाच्याच देखरेखीखाली घ्यायला तयार झाले.

रोब्लॉक्सवरील मुलांच्या सुरक्षेविषयीच्या तक्रारी, तुर्कीने ऑगस्ट २०२४मध्ये त्यावर घातलेली बंदी, आणि वयाची पडताळणी दुकानावरच सोपवणारा अमेरिकेतील युटा राज्याचा २०२५चा कायदा पाहता, देखरेखीची गरज खोटी नव्हती हे मान्यच करावे लागते. अनोळखी प्रौढ आणि दहा वर्षांचे मूल जिथे एकत्र येतात तिथे पहारा हवाच. परंतु ज्या वर्षांत दुकानाने एका मुलाने दुसऱ्याला पाठवलेली चाळीस ओळींची फाइल अडवली, त्याच वर्षांत गप्पा, चलन आणि अनोळखी गर्दी असलेला मंच त्याच दारातून आत गेला. फाइलीतील ओळी उघडून वाचता येत होत्या. मंचावरची कुजबुज मात्र कोणत्याही परीक्षकाला आधी वाचता येणार नव्हती, आणि नियमांची कडक बाजू नेमकी पहिलीकडेच वळलेली होती.